कोर्सच्या टीएंसाठी संवादाचं साधन : पियाझा, एड, मूडल, झुलिप आणि बाकीची

कोर्समध्ये दोनशे विद्यार्थी आणि चार टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात आणि तपासणीत मदत करणारे) असले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक घोळ हमखास होतो. असाइनमेंटमधल्या एखाद्या प्रश्नात अट अर्धवट लिहिली गेलेली असते. यादी रिकामी आली तर प्रोग्रॅमनं काय करायचं, हे विचारणारे मेल चारही टीएंकडे वेगवेगळे येतात. एक टीए कळवतो, शून्य परत करा. दुसरी कळवते, एरर द्या. दोघांनीही विचार करूनच उत्तर दिलेलं असतं, पण एकाचं उत्तर दुसरीच्या नजरेला पडलेलं नसतं. तपासणीत ज्यांचे गुण जातात ते विद्यार्थी टीएचा मेल पुढे करतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच असतं.

म्हणून या साधनांकडे बघताना आमच्या कसोट्या दोनच आहेत. एकदा दिलेलं उत्तर पुढच्या विद्यार्थ्याला स्वतः शोधून सापडतं का? आणि कोणता प्रश्न अजून अनुत्तरित आहे, हे सगळ्या टीएंना एका यादीत दिसतं का? रंग, इमोजी, मोबाइलवरचं रूप या गोष्टी त्यानंतर.

आधी मेलचं बघू, कारण कोणतंही साधन घेतलं तरी मेल सुटत नाही. आजारपण, मुदतवाढ, घरची अडचण या गोष्टी विद्यार्थी चारचौघांत विचारणार नाही आणि त्यानं विचारूही नयेत. मात्र त्या एकेका टीएच्या वैयक्तिक पत्त्यावर येऊ देऊ नका. गुगल ग्रुप्समध्ये 'कोलॅबरेटिव्ह इनबॉक्स' नावाची सोय आहे. त्यात आलेला प्रत्येक मेल एखाद्या टीएच्या नावावर टाकता येतो, काम झालं की 'कम्प्लीट' आणि तोच मेल दोनदा आला असेल तर 'डुप्लिकेट' अशी खूण करता येते. ही सोय चालू करायची तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये संभाषणांचा इतिहास साठवण्याचा पर्याय आधी चालू असावा लागतो. दोन परवानग्या नीट लावा. पोस्ट कोण करू शकतं, यात विद्यार्थी आलेच पाहिजेत, नाहीतर त्यांचे मेल परत जातील. संभाषणं कोण वाचू शकतं, यात फक्त ग्रुपचे सदस्य म्हणजे टीए आणि प्राध्यापक हवेत. ही दुसरी परवानगी चुकून संपूर्ण संस्थेला दिली गेली, तर कोणाच्या आजारपणाचा मेल कोणीही वाचू शकेल. ग्रुप तयार केल्यावर एखाद्या परक्या खात्यातून तो उघडून बघा, आणि मगच पत्ता वर्गाला द्या.

या व्यवस्थेत कच्चा दुवा एकच आहे. टीए स्वतःच्या पत्त्यावरून उत्तर देतो आणि पुढचा मेल विद्यार्थी थेट त्यालाच पाठवतो. मग बाकीच्या तिघांना ते प्रकरण दिसेनासं होतं. मेलच्या सेटिंगमध्ये 'या पत्त्यावरून पाठवा' असा पर्याय असतो. तिथे ग्रुपचा पत्ता जोडून घ्या आणि उत्तर त्याच नावानं जाऊ द्या.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शंका विचारायची जागा.

पियाझा

पियाझा २००९ पासून आहे आणि या प्रकारच्या साधनांमधलं जुनं, मुरलेलं नाव आहे. ते सुरू करणाऱ्या पूजा शंकर आयआयटी कानपूरमध्ये शिकत असताना वर्गात मुली मोजक्याच होत्या आणि बोलून शंका विचारणं त्यांना अवघड जायचं, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. निनावी विचारण्याची सोय या साधनाच्या मुळाशी का आहे, ते यावरून कळतं.

पियाझाची खरी ताकद त्याच्या उत्तराच्या चौकटीत आहे. एका प्रश्नाखाली दोनच उत्तरं असतात, एक विद्यार्थ्यांचं आणि एक शिक्षकांचं. दोन्ही उत्तरं विकीसारखी असतात. पहिल्या टीएनं लिहिलेलं दुसऱ्याला पटलं नाही तर खाली नवं उत्तर टाकायची जागाच नाही. त्याला तेच उत्तर दुरुस्त करावं लागतं, आणि आधी काय लिहिलं होतं त्याचा इतिहासही राहतो. वर सांगितलेला शून्य आणि एररचा घोळ इथे होतच नाही, कारण दोन टीएंची दोन मतं शेजारीशेजारी राहू शकत नाहीत. विद्यार्थ्यांच्या चौकटीत बरोबर उत्तर आलं असेल तर टीएनं पुन्हा तेच लिहीत बसू नये, त्याला मान्यतेची खूण द्यावी. अशा चार-दोन खुणा पहिल्याच आठवड्यात दिल्या की पुढे बरीच उत्तरं विद्यार्थीच देतात.

घोळ होतो तो उत्तराखालच्या 'फॉलोअप' चर्चेत. विद्यार्थी सुटलेल्या प्रश्नाखाली वेगळीच शंका टाकतो. वरून बघणाऱ्याला प्रश्न सुटलेला दिसतो आणि खाली नव्या शंकेचं भिजत घोंगडं पडून राहतं. यावर उपाय म्हणजे सरसकट सगळ्या पोस्ट न चाळता 'अनरिझॉल्व्ड' हा फिल्टर लावून बसायचं. त्यात अनुत्तरित प्रश्नही येतात आणि न सुटलेले फॉलोअपही. प्रत्येक फॉलोअपला उत्तर देऊन झाल्यावर 'रिझॉल्व्ड'ची खूण टीएनं स्वतः करावी, विद्यार्थी ती क्वचितच करतात.

निनावीपणाच्या दोन पातळ्या आहेत. पहिलीत नाव वर्गापासून लपतं पण टीएंना दिसतं, दुसरीत ते टीएंनाही दिसत नाही. दुसरी पातळी सेटिंगमधून बंद करता येते आणि आमच्या मते ती बंदच असावी. लाजणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली पातळी पुरते. शिवाय एखादी पोस्ट वाचून विद्यार्थी अडचणीत आहे असं वाटलं, तर त्याच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे.

पोस्टला क्रमांक असतो आणि @ चिन्हापुढे तो लिहिला की लिंक आपोआप तयार होते. पुन्हा आलेल्या शंकेला 'कृपया आधीच्या पोस्ट बघा' असं उत्तर कधीच देऊ नका. क्रमांक द्या आणि उत्तरातलं एक वाक्यही द्या. विद्यार्थ्याला सापडलं असतं तर त्यानं विचारलंच नसतं.

पियाझाच्या उणिवा सांगायच्या तर रूप जुनाट आहे, आणि डावीकडची यादी आठवड्यांप्रमाणे घडी होत जाते, त्यामुळे महिन्याभरापूर्वीची पोस्ट विद्यार्थ्याला दिसत नाही. फोल्डर आधीच नीट पाडले असतील तरच शोध सुसह्य होतो. 'असाइनमेंट १', 'असाइनमेंट २', 'परीक्षा', 'व्यवस्था' एवढे पुरे. वीस फोल्डर केले तर विद्यार्थी हाताला लागेल तो निवडतो. आणखी एक, कंपन्यांना नोकरभरतीसाठी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणारी शाखाही पियाझा चालवते. नाव नोंदवताना त्यासंबंधी संमती विचारली जाते. तिथे खूण करण्याआधी वाचा, असं विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगा.

एड

मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या एड डिस्कशननं पियाझाची बरीच गिऱ्हाइकं आपल्याकडे ओढली, आणि त्याची कारणं वापरणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळतात. पोस्ट टाकतानाच तिचा प्रकार निवडावा लागतो : प्रश्न, साधी पोस्ट किंवा घोषणा. वर्ग आणि उपवर्ग टीए ठरवतात. गणिताची सूत्रं, चित्रं आणि कोड नीट दिसतात, आणि कोडचा तुकडा पोस्टमध्येच चालवून बघता येतो. प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला ही मोठीच सोय आहे. 'माझ्याकडे चालत नाही' या तक्रारीतलं अर्धं तिथेच मिटतं, कारण टीए आणि विद्यार्थी एकच कोड एकाच ठिकाणी चालवत असतात.

एडमध्ये टीएंकडून होणारी चूक फार ठरावीक आहे. प्रश्नाखाली 'आन्सर' आणि 'कमेंट' अशा दोन वेगळ्या जागा असतात. घाईत टीए उत्तर कमेंटमध्ये लिहितो, विद्यार्थ्याचं समाधान होतं, पण प्रश्न अनुत्तरितच्या यादीत तसाच राहतो. असे पंधरा-वीस साठले की त्या यादीवरचा टीएंचा विश्वास उडतो, आणि मग खरोखर अनुत्तरित प्रश्नही त्या गर्दीत हरवतो. उलटंही होतं. 'मलाही हीच अडचण आहे' हे विद्यार्थी आन्सरच्या जागी लिहितो. नव्या टीएला काम सोपवताना या दोन बटणांतला फरक पाच मिनिटं दाखवून द्या, पुढचे तीन महिने सोपे जातात.

निनावी पोस्ट इथे नेहमीच्या मांडणीत वर्गापासून लपते, टीएंना नाव दिसतं. खाजगी पोस्टचीही सोय आहे, आणि स्वतःच्या उत्तराचं कोड दाखवून विचारायचं असेल तेव्हा तीच वापरायला लावा. कोर्सच्या नियमांत हे वाक्य जसंच्या तसं घालता येईल : 'तुमच्या असाइनमेंटच्या उत्तराच्या दोनपेक्षा जास्त ओळी पोस्टमध्ये असतील तर पोस्ट खाजगी करा.' नुसतं 'उत्तरं उघड करू नका' असं लिहिलं तर कुठली रेष ओलांडायची नाही ते विद्यार्थ्याला कळत नाही. पोस्ट उघड पडली तर टीए ती नंतर खाजगी करू शकतात, पण तोवर ज्यांना मेल गेले त्यांच्या इनबॉक्समधून ती परत घेता येत नाही.

मोठ्या वर्गात दर असाइनमेंटला एक 'मेगाथ्रेड' करायची पद्धत रूढ आहे, म्हणजे एकाच पोस्टखाली त्या असाइनमेंटच्या सगळ्या शंका. आम्हाला ती फारशी पटत नाही. यादी आटोपशीर दिसते खरी, पण दीडशे कमेंटच्या ढिगात आपली शंका आधी येऊन गेली का, हे शोधण्याची चिकाटी विद्यार्थ्याकडे डेडलाइनच्या आदल्या रात्री नसते. मेगाथ्रेड करायचाच असेल तर प्रश्नागणिक वेगळा करा, आणि ज्या दुरुस्त्या सगळ्यांना लागू आहेत त्या मूळ पोस्टच्या मजकुरात वर चढवत राहा.

एडसाठी संस्थेला पैसे मोजावे लागतात. संस्थेनं ते घेतलं असेल तर मोठ्या वर्गासाठी आमची पहिली पसंती हेच.

मूडल

पण बहुतेकांना निवड करायची मोकळीक नसते. संस्थेनं मूडल, म्हणजे पूर्ण कोर्स ऑनलाइन चालवायचं साधन, दिलेलं असतं आणि तेच वापरायचं असतं. मार्टिन डूगियामास यांनी काढलेल्या मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली आणि ते पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या फोरमला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. आमच्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ चुकीच्या सेटिंगमध्ये असतं.

सर्वांत महागात पडणारी चूक फोरमचा प्रकार निवडताना होते. यादीत 'क्यू अँड ए फोरम' दिसतो आणि टीए मोठ्या विश्वासानं तो शंकांसाठी निवडतो. हा प्रकार त्यासाठी नाहीच. शिक्षकानं प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आधी स्वतःचं उत्तर द्यायचं, आणि तोवर दुसऱ्यांची उत्तरं झाकलेली राहतात, अशी त्याची रचना आहे. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या शंकेला टीएनं छान उत्तर दिलं, तरी ज्यांनी त्या चर्चेत काही लिहिलेलं नाही त्यांना ते दिसतच नाही. टीएच्या खात्यातून सगळं व्यवस्थित दिसत असतं, त्यामुळे चूक लक्षात यायला आठवडे जातात. शंकांसाठी 'सर्वसाधारण वापराचा' स्टँडर्ड फोरम निवडा. आणि कोणतंही सेटिंग बदललं की भूमिका बदलून विद्यार्थ्याच्या नजरेनं पान बघा. वरच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या नावाखाली ती सोय असते.

दुसरी तक्रार मेल उशिरा जाण्याची. पोस्ट टाकल्यावर ती सुधारण्यासाठी मूडल ठरावीक वेळ देतं, मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटं, आणि ती वेळ संपेपर्यंत त्या पोस्टचा मेल निघत नाही. 'आजचा तास रद्द' ही सूचना तास सुरू होण्याआधी वीस मिनिटं टाकली, तर ती तास सुरू झाल्यावर इनबॉक्समध्ये पोहोचेल. पोस्ट लिहिताना प्रगत पर्याय उघडले की सुधारणेची वाट न बघता लगेच सूचना पाठवण्याची चौकट मिळते. तातडीच्या सूचनेला ती खूण करा. एरवी मात्र ही अर्ध्या तासाची ढील फार उपयोगी आहे. विद्यार्थ्यानं अनवधानानं पूर्ण उत्तर फोरमवर टाकलं आणि ते अर्ध्या तासाच्या आत काढलं, तर पोस्ट पानावर तेवढा वेळ दिसली तरी वर्गाला मेल गेलेला नसतो. एड किंवा पियाझावर ही सवलत मिळत नाही. मेल अर्ध्या तासानंतरही निघत नसतील तर दोष फोरमचा नसतो. मूडलची पार्श्वभूमीवर चालणारी नियमित कामं, ज्याला 'क्रॉन' म्हणतात, ती सर्व्हरवर बंद पडलेली असतात, आणि ते सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच कळवावं लागतं.

सदस्यत्वाचे पर्याय चार : ऐच्छिक, सक्तीचं, आपोआप आणि बंद. घोषणांच्या फोरमला सक्तीचं ठेवा, म्हणजे कोणीही 'मला कळलंच नाही' म्हणणार नाही. शंकांच्या फोरमला मात्र सक्ती करू नका. दिवसाला चाळीस मेल येऊ लागले की विद्यार्थी कोर्सचे सगळेच मेल एका फिल्टरमध्ये ढकलतो आणि घोषणाही त्यात वाहून जाते. 'आपोआप' ठेवा. सुरुवातीला सगळे सदस्य होतात, ज्याला नको तो बाहेर पडतो.

गट पाडले असतील तर आणखी एक खाचखळगा आहे. टीएला बहुतेकदा 'नॉन-एडिटिंग टीचर' ही भूमिका दिली जाते. फोरमला 'सेपरेट ग्रुप्स' लावलं की या भूमिकेच्या टीएला फक्त स्वतःच्या गटाच्या चर्चा दिसतात. तो कोणत्याच गटात नसेल तर त्याला फोरम रिकामा वाटतो, आणि शंका कोणी विचारलेल्याच नाहीत अशी त्याची समजूत होते. टीएला त्याच्या सर्व गटांत सदस्य करून घ्या.

मूडलच्या मूळ फोरममध्ये निनावी पोस्ट नाही, आणि अनुत्तरित शंकांची वेगळी यादीही नाही. या दोन खऱ्या उणिवा. पहिलीसाठी निनावी प्रतिसाद घेता येणारं 'फीडबॅक' हे अंग वापरता येतं. आठवड्याला एक उघडायचं आणि त्यात आलेल्या शंकांना टीएनं फोरमवर उत्तर द्यायचं. दुसरीसाठी शिस्तच लागते. ड्यूटीवरच्या टीएनं रोज ठरलेल्या वेळी फोरम उघडायचा आणि शून्य उत्तरं असलेली एकही चर्चा ठेवून उठायचं नाही.

झुलिप, स्लॅक, डिस्कॉर्ड

गप्पांच्या साधनांकडे टीएंचा ओढा असतो, कारण उत्तर झटपट जातं. पण वेगानं दिलेलं उत्तर वेगानं वरही सरकतं. संध्याकाळी सातला दिलेलं उत्तर नऊ वाजता दोनशे मेसेजच्या वर गेलेलं असतं, आणि सव्वानऊला तोच प्रश्न पुन्हा येतो.

झुलिपनं या दुखण्यावर नेमका उपाय केला आहे. २०१२ मध्ये सुरू झालेलं, २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सनं विकत घेतलेलं आणि २०१५ पासून मुक्त सॉफ्टवेअर असलेलं हे साधन प्रत्येक मेसेजला चॅनलबरोबर विषयही द्यायला लावतं. 'असाइनमेंट ३' हा चॅनल, त्यात 'प्रश्न २ : रिकामी यादी' हा विषय. दोन दिवसांनी आलेला विद्यार्थी तोच विषय उघडतो आणि पूर्ण संभाषण एकाखाली एक वाचतो. चुकीच्या विषयात पडलेले मेसेज टीए उचलून योग्य जागी ठेवू शकतो. शंका मिटली की विषयाला 'सुटलं' अशी खूण करता येते आणि नावापुढे बरोबरची टिक दिसते. गणिताची सूत्रं दोन डॉलर चिन्हांच्या जोडीत लिहिली की नीट उमटतात. टीएंना 'मॉडरेटर' ही भूमिका आठवणीनं द्या, नाहीतर जुने मेसेज हलवताना परवानगीची अडचण येते.

झुलिपला पहिले दोन आठवडे मशागत लागते. विद्यार्थी विषयाचं नाव 'डाउट' किंवा 'हेल्प' असं ठेवतात. तेव्हा रागावू नका. विषयाचं नाव बदलून 'प्रश्न २ : इनपुट फाइल उघडत नाही' असं करा आणि उत्तर द्या. शंभरेक वेळा असं केलं की वर्ग आपोआप शिकतो. क्लाउडवरच्या मोफत योजनेत शेवटचे १०,००० मेसेजच शोधता येतात, मोठ्या वर्गात ते सेमिस्टर संपायच्या आत भरतात. विभागाकडे सर्व्हर असेल तर स्वतः बसवलेल्या झुलिपला ही मर्यादा नाही. निनावी विचारता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. साठ-सत्तर विद्यार्थ्यांचा, कोड आणि चर्चा भरपूर असलेला वरच्या वर्षाचा कोर्स असेल तर आम्ही डोळे झाकून झुलिप सुचवू.

स्लॅकचा हिशोब सरळ आहे. मोफत योजनेत फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. सोळा आठवड्यांचं सेमिस्टर म्हणजे ११२ दिवस. परीक्षेच्या सुमारास पहिल्या तीन आठवड्यांतलं सगळं झाकलं गेलेलं असतं, आणि परीक्षेला तेच हवं असतं. एक वर्षापेक्षा जुना मजकूर मोफत योजनेतून कायमचा पुसला जातो. वर्गाच्या शंकांसाठी मोफत स्लॅक घेऊ नका. टीएंच्या आपसांतल्या रोजच्या बोलण्यासाठी ते चांगलं आहे, पण घेतलेले निर्णय तिथेच ठेवू नका, एका कागदपत्रात उतरवा.

डिस्कॉर्डवर इतिहासाची अशी मर्यादा नाही, आवाजाच्या खोल्या उत्तम चालतात, आणि २०२२ पासून आलेल्या फोरम चॅनलमध्ये प्रत्येक शंकेची वेगळी पोस्ट होऊन तिला टॅग लावता येतात. साध्या चॅनलऐवजी फोरम चॅनलच वापरा. अडचण ओळखीची आहे. विद्यार्थी टोपणनावानं येतात, आणि 'शॅडोवुल्फ' म्हणजे हजेरीपटावरचं कोण ते टीएला कळत नाही. कोर्सच्या ग्रुपपुरतं (डिस्कॉर्ड त्याला 'सर्व्हर' म्हणतं) खरं नाव लावायचा नियम करा, आणि नाव लावल्यावरच चॅनल दिसतील अशी भूमिका द्या. मेसेजला २,००० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे लांब कोड तुटतं. आणि गुण किंवा वैयक्तिक बाब डिस्कॉर्डवर कधीही नको.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, एवढं एकच कारण पुरेसं आहे. विद्यार्थ्यांचे आपसांतले ग्रुप असणारच, त्यांना हरकत नाही. टीएनं तिथे उत्तरं देऊ नयेत, नाहीतर त्या ग्रुपमध्ये नसलेल्यांवर अन्याय होतो.

ऑनलाइन ऑफिस अवर्स

ऑफिस अवर्स म्हणजे टीएशी बोलून शंका विचारायला राखून ठेवलेला वेळ. झूमच्या मोफत खात्यात मीटिंग ४० मिनिटांत तुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की ऐनवेळी दुसऱ्या टीएनं मीटिंग सुरू करावी म्हणून 'पर्यायी होस्ट' नेमायचा तर तो त्याच संस्थेच्या पैसे भरलेल्या खात्यात असावा लागतो. नेमलेला टीए आजारी पडला आणि विद्यार्थी बंद दारापुढे बसून राहिले, हे टाळायचं तर ही व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करून ठेवा. लिंक पूर्ण सेमिस्टरसाठी एकच असू द्या.

वेटिंग रूम चालू ठेवा. एकाच्या गुणांबद्दल बोलणं चालू असताना दुसरा आत येता कामा नये. पण वेटिंग रूममध्ये बसलेल्याला आपला नंबर कितवा ते कळत नाही आणि तो वैतागून निघून जातो. त्यासाठी एक सामायिक स्प्रेडशीट पुरते. चार रकाने : नाव, असाइनमेंट आणि प्रश्न, काय करून बघितलं, नेमकं कुठे अडलं. तिसरा आणि चौथा रकाना भरता भरताच काही जणांची शंका सुटते. टीएलाही पुढचे तिघे एकाच प्रश्नावर अडले आहेत हे दिसतं. त्यांना एका ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच मीटिंगमधल्या वेगळ्या खोलीत, एकत्र बोलवा आणि एकदाच समजावून सांगा. डेडलाइनच्या आदल्या दिवशी माणशी दहा मिनिटं, रांग उरली असेल तर पुन्हा शेवटी, हा नियम शीटच्या पहिल्या ओळीतच लिहा. संपल्यावर ज्या शंका दोनपेक्षा जास्त जणांनी विचारल्या, त्यांची उत्तरं त्याच संध्याकाळी फोरमवर टाका.

गुणांच्या तक्रारी

गुणांच्या तक्रारी शंकांच्या फोरमवरही नकोत आणि मेलवरही नकोत. ग्रेडस्कोप हे ऑनलाइन तपासणीचं साधन वापरत असाल तर त्यातली फेरतपासणीची विनंती प्रश्नागणिक येते, ती ठरावीक तारखांपुरती उघडता येते आणि ज्यानं तो प्रश्न तपासला त्याच्याकडे जाते. तक्रार रास्त निघाली आणि निकषातच चूक असेल तर निकषाचे गुण बदला. तो निकष लागलेल्या सगळ्या उत्तरपत्रिकांना बदल आपोआप लागू होतो, ज्यांनी तक्रार केली नाही त्यांनाही न्याय मिळतो. विनंतीत कारण लिहिणं सक्तीचं करा. 'पुन्हा बघा' एवढंच लिहिलेली विनंती परत पाठवा, पण का परत पाठवली ते सांगून.

मूडलऐवजी तशाच प्रकारचं कॅनव्हास असेल तर गुणपत्रकातली 'मेसेज स्टुडंट्स हू' ही सोय जरूर वापरा. ज्यांनी अजून सबमिट केलेलं नाही किंवा ज्यांना अमुकपेक्षा कमी गुण आहेत, अशांना निवडून मेसेज जातो आणि प्रत्येकाला तो एकट्यालाच आल्यासारखा पोहोचतो. डेडलाइनला दोन दिवस असताना न दिलेल्यांना पाठवलेल्या चार ओळींचा उपयोग सगळ्या वर्गाला पाठवलेल्या आठवणीपेक्षा कितीतरी जास्त होतो.

घोषणा कशी लिहावी

साधन कोणतंही असो, दुरुस्तीची घोषणा अशी असावी :

'असाइनमेंट ३, प्रश्न २ : दुरुस्ती.
जुनं वाक्य : यादीतली सर्वांत मोठी संख्या परत करा.
नवं वाक्य : यादीतली सर्वांत मोठी संख्या परत करा, यादी रिकामी असेल तर ० परत करा.
कोणाला लागू : सर्वांना. आधी सबमिट केलं असेल तर पुन्हा सबमिट करा.
मुदत : रविवार रात्री ११:५९ ऐवजी सोमवार रात्री ११:५९.
शंका असल्यास याच पोस्टखाली विचारा.'

जुनं आणि नवं वाक्य शेजारी हवंच. 'प्रश्न २ मध्ये थोडा बदल केला आहे, फाइल पुन्हा बघा' अशी घोषणा केली तर दोनशे जण दोन फाइल ओळीओळीनं ताडून बघत बसतात. आणि 'रविवारी रात्री १२' ही वेळ कधीच देऊ नका. ती रविवार सुरू होतानाची की संपतानाची, यावर निम्म्या वर्गाचं मत वेगळं असतं.

किती जागा ठेवाव्यात यावर आमचं मत पक्कं आहे : शंकांना एक फोरम, खाजगी बाबींना एक सामायिक पत्ता, बोलायला ऑफिस अवर्स. चौथी जागा उघडली की टीएंना चार ठिकाणी नजर ठेवावी लागते आणि एक ठिकाण नेहमी सुटतं. टीएंनी वार वाटून घ्यावेत, ज्याचा वार त्यानं अनुत्तरित यादी रिकामी करायची. उत्तर किती वेळात मिळेल तेही लिहून द्या : कामाच्या दिवशी २४ तासांत, आणि डेडलाइनच्या रात्री नऊनंतर नाही. ही मर्यादा पाळणंही टीएंचंच काम आहे. एकानं रात्री दीडला उत्तर दिलं की पुढच्या वेळी सगळ्यांकडून तीच अपेक्षा ठेवली जाते. तीसच्या आतला वर्ग असेल तर यातलं निम्मं लागणार नाही. मूडलचा फोरम आणि सामायिक पत्ता पुरतो.

सेमिस्टर संपताना दोन तास राखून ठेवा. जास्त वाचल्या गेलेल्या वीसेक पोस्ट निवडून, विद्यार्थ्यांची नावं काढून, प्रश्न-उत्तरांचं एक कागदपत्र करा आणि पुढच्या टीएंना द्या. मूडलचा बॅकअप घेताना वापरकर्त्यांची माहिती घेण्याची खूण काढून टाका. जुना वर्ग पुढच्या तुकडीसाठी तसाच उघडू नका, त्यात मागच्यांच्या असाइनमेंटची उत्तरं असतात. सामायिक पत्त्याच्या ग्रुपमधून सोडून जाणाऱ्या टीएंना काढा, आणि ऑफिस अवर्सची रेकॉर्डिंग केली असतील तर ती पुसा.